थरथरीची वाट

दुकानाचं शटर वर जायच्या आधी दोघा भावांचं एक काम ठरलेलं असे. दोघे एकमेकांची दाढी करत. पद्धत त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली. म्हातारा मोठा तिरसट होता. त्याचं म्हणणं, ज्याला सख्ख्या भावाच्या गळ्यावर वस्तरा फिरवता येत नाही, त्यानं परक्याच्या गळ्याला हात लावू नये. आदल्या दिवशी भांडण होऊन एकमेकांचं तोंड न बघण्यापर्यंत गोष्ट गेली असली तरी सकाळी दाढी व्हायचीच. आणि हातात वस्तरा असलेल्या माणसाशी तावातावानं भांडणार कोण? त्यामुळे या भावांची भांडणं नेहमी दुपारनंतर उपटत आणि सकाळपर्यंत आपोआप मिटत.

थोरल्याला सगळी वस्ती दादा म्हणायची. धाकट्याला धाकटाच म्हणायची, त्याच्या डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाले तरी. हाताचं म्हणाल तर दादाच्या हाताला तोड नव्हती. धाकटा कात्रीचा वाघ, नव्या पोरांना हवे तसले चित्रविचित्र केस कापून द्यायचा. पण दाढी दादाची. निवृत्त झालेले एक मास्तर होते, ते तर खुर्चीत बसल्या बसल्या झोपत आणि दादानं तुरटी फिरवली की जागे होत. "दाढी झाली हे मला कळलं, तर ती चांगली झाली नाही," असं त्यांचं मत होतं. मास्तर जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून थकलेले, तेव्हा त्यांच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं.

असा हा दादा एक दिवस गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड झटकता झटकता जमिनीवर कोसळला. शेजारच्या दवाखान्यातली नर्स केस कापायला बसली होती म्हणून वाचला. तिनं अर्धवट कापलेल्या केसांनिशी खाली बसून त्याची छाती दाबली.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण समजावून सांगायचा कंटाळा नसलेल्या. दादाला पूर्वी कधीतरी झटका येऊन गेला होता. पित्त समजून त्यानं तो अंगावर काढला होता. हृदयाचा तेवढा भाग मेला, आणि आता त्या मेलेल्या भागाभोवती हृदयातली वीज भरकटत होती. मग हृदय इतकं जोरात धावत सुटतं, की रक्त पुढे ढकलायचंच राहून जातं. "नुसतं थरथरत बसतं," बाई म्हणाल्या. "हे औषध त्याला थरथरू देत नाही. रोज घ्यायचं. डोळ्यांना, कातडीला, श्वासाला, कशालाही काही वेगळं वाटलं तर मला सांगायचं. मनानं काही करायचं नाही."

औषधाचं नाव अमिओडॅरोन. घरात कोणाच्या जिभेला ते वळेना. दादानं त्याचं बारसं करून टाकलं. रोज जेवण झालं की बायकोला, म्हणजे धाकट्याच्या वहिनीला, हाक मारायचा, "आण गं, तुझ्या सवतीला आण." वहिनी हातावर गोळी ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, नांदवा." धाकट्याला दोघांचं हे ऐकून बरं वाटायचं. घर पुन्हा हसायला लागलं, आता काय भीती, असं त्यानं धरून टाकलं.

हृदय खरंच ताळ्यावर आलं. पण हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा ते कळलं धाकट्याच्या गालाला. वस्तरा हनुवटीखाली आला आणि बारीकसा अडखळला. दादानं पाती पुसून पुन्हा टेकवली, धाकट्यानं मान आणखी वर केली. आठवडाभरात धाकट्याच्या गळ्यावर लाल रेघा दिसायला लागल्या. बेकरीवाल्यानं विचारलं, "काय रे, मांजराशी लग्न केलंस का?" धाकटा म्हणाला, "पुटकुळ्या आल्यात." या वयात पुटकुळ्या! सगळे हसले. दादाही हसला, आणि त्या दिवसापासून त्यानं गिऱ्हाइकाच्या दाढीला हात लावला नाही.

केस तेवढे कापत राहिला. पुढं कानामागं कात्री टोचायला लागली, तेव्हा तेही सोडलं. टॉवेल वाळत घाल, आरसे पूस, आलेल्याला बसा म्हण. स्वतःच्याच दुकानात दादा पाहुणा झाला. मास्तर आले की भिंतीकडे बघत म्हणायचे, "आज दाढी नको, सहज आलो होतो." वाढलेल्या दाढीनं सहज येणं किती दिवस चालणार? एक दिवस मास्तर मुकाट्यानं धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसले. धाकट्यानं जीव ओतून दाढी केली. मास्तर झोपले नाहीत.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं की दादा दोन्ही हात खिशात घालून बसायचा. बाईंनी विचारलं, काही त्रास? तर म्हणायचा, छे. बाहेर आल्यावर धाकटा तणतणला, "हाताचं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर म्हणतील धंदा सोडा."

"मग आता कुठं करतोयस?"

हे बोलायला नको होतं. घर येईपर्यंत दादानं खिशातले हात काढले नाहीत. धाकट्याला आपली जीभ कापून टाकावीशी वाटली.

एवढं होऊनसुद्धा सकाळची पद्धत मोडली नाही. धाकटा मान वर करून बसायचा आणि दादा वस्तरा धरायचा. जखमा व्हायच्या, त्यावर तुरटी लागायची. धाकट्यानं ठरवलं होतं, गळा सोलून निघाला तरी चालेल, पण आपण ही खुर्ची सोडायची नाही. वहिनी दारात उभी राहून डोळ्यांनी विचारायची, आज कसं? तो खांदे उडवायचा. हात हीच या घरातली नाडी झाली होती. बाईंच्या मशीनवर उमटणाऱ्या रेघा कोणाला कळत होत्या? हात मात्र सगळ्यांना कळत होता.

आणि मग हात सुधारायला लागला.

आधी धाकट्याला वाटलं, आपणच मनाचे खेळ करतोय. पण दिवसेंदिवस रेघा कमी होत गेल्या. एक दिवस एकही आली नाही. पाती कल्ल्यापासून निघाली ती हनुवटीपर्यंत एका दमात उतरली. धाकटा खुर्चीतून ओरडला, "दादा, हात आला! आला बघ परत!" दादानं वस्तरा पुसला आणि हळूच हसला. त्या हसण्यात काहीतरी चोरटं होतं, पण आनंदाच्या भरात चोरटेपणा कोण बघतो? धाकट्यानं धावत जाऊन वहिनीला सांगितलं. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. बेकरीवाल्याला सांगितलं, नर्सला सांगितलं, मास्तरांच्या तर घरी जाऊन सांगून आला. दुसऱ्याच दिवशी मास्तर दादाच्या खुर्चीत बसले आणि साबण लावून व्हायच्या आत घोरायला लागले. सगळं दुकान श्वास रोखून ते घोरणं ऐकत होतं. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, फेस उडाला.

त्यानंतरचे दिवस फार छान गेले. हे कबूल करायला पाहिजे, कारण पुढं सगळे त्या दिवसांना शिव्याच देत बसले. दादा शीळ घालत दुकानात यायचा. गिऱ्हाइकांच्या टोप्या उडवायचा. ज्या धाकट्याला त्यानं कधी बरं म्हटलं नव्हतं, त्याला म्हणाला, "तुझी दाढीही वाईट नसते रे." धाकट्याचं मन भरून आलं. आपला भाऊ आपल्याला परत मिळाला, असं त्यानं वहिनीला बोलून दाखवलं.

पुढच्या तपासणीला तिघं जवळजवळ नटूनच गेले. दादा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच धाकटा म्हणाला, "बाई, आधी आमच्या दादाचा हात बघा. मध्यंतरी थरथरायचा, तुम्हाला बोलला नाही. आता बघा, कसा आहे!"

दादानं दोन्ही हात पुढं केले. बोटं ताणून, अगदी स्थिर.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग त्यांचं हसू तसंच अर्ध्यावर राहिलं. त्यांनी मशीनवरची रेघांची पट्टी पाहिली, मागची जुनी पट्टी काढून तिच्याशेजारी धरली आणि पुन्हा हातांकडे पाहिलं.

"गोळी रोज घेताय ना?"

"मी स्वतः देते," वहिनी म्हणाली. "माझ्या हातानं."

बाई दादाकडेच बघत राहिल्या. दादा आपल्या नखांकडे बघत होता.

"थुंकतो," तो म्हणाला. "दुकानात जाताना, कोपऱ्यावरच्या गटारात."

"कधीपासून?"

"मास्तर धाकट्याच्या खुर्चीत बसले ना, त्या दिवसापासून."

वहिनीचा हात तोंडावर गेला.

"पण काही झालं नाही ना बाई," दादा गयावया करत म्हणाला. "इतके दिवस झाले, एकदाही चक्कर नाही. उलट बरा झालो. तेव्हा म्हटलं, मुळात गरजच नसेल."

"तसं नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या हळू आवाजात बोलत होत्या. "हे औषध अंगात मुरतं. बंद केलं तरी आठवडेच्या आठवडे आत राहतं. इतके दिवस तुम्ही त्या मुरलेल्या औषधावर चालत होता. ते आता संपत आलंय. तुमचा हात बरा नाही झाला, औषध निघून चाललंय."

धाकट्याला आठवलं, आपण खुर्चीतून कसे ओरडलो होतो. वस्तीभर कसे पेढे वाटल्यासारखे हिंडलो होतो. दादा मरणाकडे एक एक पाऊल टाकत होता आणि आपण प्रत्येक पावलाला टाळ्या वाजवत होतो.

"आणि हात थरथरतो, एवढं मला सांगितलं असतंत," बाई म्हणाल्या, "तर गोळीचं प्रमाण कमी करून बघितलं असतं. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं."

एवढंसं! खिशातले हात बाहेर काढायचे, एवढंच काय ते करायचं होतं. धाकट्याला दादाचा असा संताप आला की त्याला गदागदा हलवावं. पण दादा त्या खुर्चीत इतका लहान दिसत होता, की धाकट्यानं नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दादाला तिथंच ठेवून घेतलं. शिरेतून औषध गेलं, गोळ्या वाढवून दिल्या. पुन्हा तसं झालं तर हृदयाला आतल्या आत धक्का देऊन जागेवर आणेल असं छोटं यंत्र छातीत बसवायचं ठरलं. पण त्याच्या रांगेत पुढं बरेच जण होते. तारीख मिळाली, ती लांबची. घरी सोडताना बाई म्हणाल्या, "औषध पुन्हा मुरायला वेळ लागेल. तोवर जपा."

जपा म्हणजे काय करा, हे कोणी सांगत नाही. पाय मोडलेल्याला उचलून घेता येतं, ताप आलेल्याच्या कपाळावर पट्टी ठेवता येते. हृदयाला काय करायचं? धरून ठेवायचं कसं आणि कुठून? वहिनी दादाच्या मागं मागं घरभर फिरायची आणि तो थांबला की ही थांबायची. दादा आता शहाण्या पोरासारखा गोळी गिळायचा आणि न सांगता आ करून दाखवायचा. सवतीचा विनोद घरातून गेला. वहिनीनं एकदाच विचारलं, "माझ्या हातचं घेऊन बाहेर थुंकताना काही वाटलं नाही तुम्हाला?" तिनं पुन्हा विचारलं नाही.

उभं राहायचं काम बंद होतं. दुकानात यायचं नाही, असं बजावलेलं. पण सकाळची दाढी दादा सोडेना आणि खरं सांगायचं तर धाकट्यालाही ती सोडवेना. कारण आता त्याला एकच गोष्ट हवी होती. दादाचा हात थरथरायला हवा होता.

ज्या थरथरीला त्यांनी इतक्या शिव्या घातल्या, तिचीच तिघं चातकासारखी वाट बघू लागले. हात थरथरला म्हणजे औषध अंगात भरलं. बाईंनी असा काही नियम सांगितला नव्हता. थरथर येईलच असंही नाही, त्या म्हणाल्या होत्या. पण या घराला दुसरं माप माहीतच नव्हतं. धाकटा मान मागं टाकून डोळे मिटायचा आणि सगळा जीव गालावर आणून बसायचा. आता अडखळेल, आता ओरखडा निघेल. वस्तरा लोण्यातून चालल्यासारखा चालायचा. दादानं आयुष्यात केल्या नसतील अशा दाढ्या त्या दिवसांत केल्या.

"काय रे?" दादा विचारायचा. "जाणवतंय का काही?"

"किंचित. हनुवटीपाशी."

"खोटारडा."

एकदा तुरटी लावता लावता दादा म्हणाला, "मला वाटलं रे, हात गेला म्हणजे मीच गेलो. उरलेला कोण, त्याला जगवून काय करायचं?"

"आम्हाला विचारायचंस," धाकटा म्हणाला. "आम्हाला तो उरलेलाही चालला असता."

दादा आरशात त्याच्याकडे बघत राहिला. "आता थरथरू दे बाबा," म्हणाला. "खरंच थरथरू दे. पुसेन मी आरसे." त्यानं हात समोर धरून पाहिला. हात ढिम्म हलत नव्हता. धाकट्याला रडू फुटलं आणि त्यानं तोंडावर टॉवेल ओढून घेतला.

त्या सकाळीही तसंच चाललं होतं. शटर खालीच होतं. धाकट्याचा उजवा गाल झाला, हनुवटीखालची बाजू झाली. दादा डाव्या बाजूला आला, कल्ल्यापाशी पाती टेकवली आणि थांबला. धाकट्यानं डोळे उघडले. दादानं पाती गालावरून उचलली, पुसली, वस्तरा मिटला आणि हात लांब करून फळीवर ठेवला.

"थांब हं जरा," तो म्हणाला आणि खाली बसल्यासारखा कोसळला.

धाकट्यानं छाती दाबली. नर्सनं शिकवली होती तशीच, हात सरळ ठेवून, जोर लावून. मधेच ओरडला, मधेच दादाला शिव्या दिल्या. दादा, ऊठ, असं म्हणाला, ऊठ रे गाढवा, असंही म्हणाला, जे जन्मात कधी म्हणाला नव्हता. बेकरीवाल्यानं शटर वर केलं. गाडी आली, गाडीतल्या माणसांनी छातीला विजेचे झटके दिले, वाटेत पुन्हा दिले. धाकटा दादाच्या पायाशी बसला होता. दादाचा हात स्ट्रेचरबाहेर लोंबत होता आणि गाडीच्या हिसक्यांनी हलत होता, तेवढाच.

इस्पितळाच्या त्या लांबलचक व्हरांड्यात तो आणि वहिनी बाकावर बसले. येणारेजाणारे धाकट्याकडे वळून बघत होते. त्याचा अर्धा चेहरा साबणाचा होता, आणि फेस वाळून पांढरे पापुद्रे शर्टावर पडत होते. त्याला ते पुसावंसं वाटत नव्हतं. पुसलं की दाढी संपली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या सावकाश. सावकाश येणाऱ्या डॉक्टरला काही बोलावं लागत नाही. तरी त्या बोलल्या. आम्ही खूप प्रयत्न केले, म्हणाल्या. औषधाला अजून थोडे दिवस मिळायला हवे होते, म्हणाल्या. त्या वहिनीशेजारी बाकावर बसल्या आणि थोड्या वेळानं उठून आत गेल्या.

वहिनी रडली नाही. मग तिनं विचारलं, "भाऊजी, आज थरथरला होता का हो हात?"

धाकट्याला कळलं, तिला काय हवंय. औषध पोचत होतं, थोडक्यात चुकलं, आपण काही कमी पडलो नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं. तेवढं तरी आपण तिला देऊ शकतो.

"हो वहिनी," तो म्हणाला. "आजच पहिल्यांदा. चांगलाच थरथरला."

वहिनीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं दिराच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं. तिनं हात उचलला आणि त्याच्या दाढी झालेल्या गालावरून फिरवला, कानापासून हनुवटीपर्यंत. मग उलटा फिरवला, हनुवटीपासून वर, दाढी बघताना गिऱ्हाइकं फिरवतात तसा. कुठंही खरखर लागली नाही, कुठंही ओरखडा नव्हता.

"किती सुरेख केलीय हो," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.